बायकोचा पांढरा फोटो

सांगलीत एक्स-रेच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं काढली आणि तेवढ्या काळात एकदाच हुकलो. म्हातारा फुशारकी मारतोय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. कुठं हुकलो ते मी आपल्या तोंडानं सांगतोय, मग फुशारकी कसली?

माझं शिक्षण चौथी. तीही पुरी नाही, कारण परीक्षेच्या वेळी घरात उसाची लावण होती. गाव कराडच्या अलीकडं. पलटणीत भरती झालो तेव्हा बंदूक मिळेल असं वाटलं होतं. त्यांनी मला मिलिटरीच्या इस्पितळात, एक्स-रे धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत उभं केलं. तिथं एका मद्रासी हवालदारानं मला दोन गोष्टी शिकवल्या. फिल्म धुताना घड्याळाकडं बघायचं नाही, मनात आकडे म्हणायचे. आणि माणूस जाड असला तर मशीन चढवायचं, बारीक असला तर उतरवायचं. इंग्रजीतली दोनच अक्षरं मला यायची, एल आणि आर. ती शिशाची असत. डाव्या अंगाच्या फोटोवर एल ठेवायचा, उजव्या अंगाच्या फोटोवर आर. बाकीच्या अक्षरांवाचून माझं कधी अडलं नाही. एकदा अडलं, ते पुढं येईलच.

पलटण सुटल्यावर सांगलीच्या डाक्टरांकडं लागलो. डाक्टर म्हणजे किडकिडीत, चष्म्यातला, गावातल्या जुन्या घरातला माणूस. रागावला तरी 'अहो'च म्हणायचा. नुसत्या 'अहो'च्या उंचीवरनं राग किती ते ओळखायचं. त्यांच्या मशीनला दोन मुख्य बटणं होती. डाक्टर त्यांची इंग्रजी नावं घ्यायचे. मी एकाला जोर म्हणायचो, दुसऱ्याला धार. जोर म्हणजे किरण किती खोल घुसणार ते. धार म्हणजे किरण किती सोडायचे ते. जन्मात एकदा जरी म्हैस पिळली असेल त्याला हे समजून सांगावं लागत नाही. हाडाला जोर पाहिजे. मऊ मांसाला जोर कमी ठेवायचा, नाहीतर सगळं एकसारखं करडं येतं. मग जोर कमी केला की धार वाढवावी लागते. डाक्टर लोक यावर जाडजूड पुस्तकं वाचतात, मी दोन शब्दांत भागवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी डाक्टर मुंबईला काहीतरी शिकायला गेले आणि महिन्यानं परत आले ते नवीन खूळ घेऊनच.

"आता आपण स्तनांचे एक्स-रे काढायचे," म्हणाले. "हाताला न लागणारी गाठसुद्धा फोटोत दिसते."

तो शब्द मी त्याआधी फक्त कीर्तनात ऐकला होता, पूतनेच्या गोष्टीत. आमच्याकडं बायका नुसतं 'अंग' म्हणायच्या. अंगावर पाजते, अंगात गाठ आली. भांडणात थान म्हणायच्या. मी खाली बघून म्हटलं, "डाक्टर, मी पलटणीत गोळी लागलेले फोटो काढलेत. हे जमणार न्हाई."

"तुम्हाला आत जायचंच नाही," ते म्हणाले.

मग व्यवस्था अशी ठरली. आत फोटोच्या खोलीत दवाखान्याची आया. ती मिरजेच्या बाजूची विधवा बाई होती, तिला सगळे अक्का म्हणायचे. मी मधल्या भिंतीमागं, शिशाच्या पत्र्याआड, बटणांपाशी. मला आतलं काही दिसायचं नाही. अक्का बाईला उभी करायची, वरून प्लास्टिकची जाड पाटी लावून दाबायची, आणि बोटांनी जाडी मोजून ओरडायची, "अण्णा, चार बोटं!" मी बटणं लावायचो आणि ओरडायचो, "दम धरा!" मग खटका. "सोडा!"

दाबण्यावरनं बायका लय बोलायच्या. गुऱ्हाळाच्या चरकात ऊस घालतात तसं घातलं म्हणायच्या. पण दाबण्याला अर्थ होता. दाबलं की जाडी कमी होते, जाडी कमी झाली की धार कमी लागते. आणि आतलं एकावर एक चढलेलं पसरून दिसतं. हे मला डाक्टरांनी सांगितलं तेव्हा लगेच पटलं, कारण त्यात जाडीचा हिशेब होता. जाडीचा हिशेब माझा होता.

पहिली आली एका गुळाच्या अडत्याची आई. वय पासष्टच्या पुढं, अंगानं भारदस्त. अक्का आतून ओरडली, "अण्णा, सा बोटं! फळी पुरंना!" मी बेतानं चढवलं. फोटो धुऊन उजेडाला धरला आणि मलाच माझा अभिमान वाटला. काळ्या पाटीवर खडूनं नदीचे ओढे काढावेत तशा शिरा. कुठं काही लपलेलं नाही. डाक्टर म्हणाले, "वा!" चौदा वर्षांत डाक्टरांनी चार वेळा 'वा' म्हटलं, त्यातलं हे एक.

दुसरी आली एक शाळामास्तरीण. तिशीच्या आतली, काडीसारखी. बरोबर सासू. अक्का ओरडली, "तीन बोटं, अण्णा." मी उतरवलं. फोटो धुतला तर नुसतं दही. पांढरंफेक. मला वाटलं धार कमी पडली. पुन्हा काढला, चढवून. तरी दहीच. तिसऱ्यांदा आणखी चढवलं तेव्हा दह्याचं ताक झालं, पण आतलं काही कळेना.

डाक्टर आले. तिन्ही फिल्म बघितल्या. आणि जो 'अहो' निघाला तो पार आढ्याला लागला.

"अहो! तीन डोस दिलेत तुम्ही त्या मुलीला!"

बाहेर बाकावर मास्तरणीची सासू बसली होती. ती उठून आत आली. "तीन डोस दिलं? बरं केलंत बाबा. आता पोरीला गुण येईल. आमच्या तिथला डाक्टर तर एकच डोस देतोय, त्योबी पाणी घालून."

डाक्टरांनी कपाळाला हात लावला. त्या बाईला त्यांनी पंधरा मिनिटं समजावलं की हा डोस औषधाचा नव्हे, किरणांचा. जे किरण फिल्मपर्यंत पोचत नाहीत ते अंगातच मुरतात, आणि ते मुरवून घेण्यात काही पुण्य नाही. बाई मान डोलवत ऐकत होती. जाताना मला हळूच म्हणाली, "पुढच्या बारीला माझ्या गुडघ्यालाबी दोन डोस द्या."

संध्याकाळी डाक्टरांनी मला बसवलं. "जाडीवर जाऊ नका. वय झालेल्या बाईच्या स्तनात चरबी जास्त. चरबीतून किरण सरळ जातात, फोटो काळा आणि स्पष्ट येतो. तरुण बाईच्या स्तनात दुधाच्या ग्रंथी आणि तंतू जास्त. ते घट्ट असतं. किरण अडतात, फोटो पांढरा येतो. आणि गाठसुद्धा पांढरीच. धार वाढवून उपयोग थोडा आणि डोस मात्र वाढतो."

मी म्हटलं, "व्हय."

पण पटलं नाही. तीन बोटं म्हणजे तीन बोटं. सा बोटांतनं किरण जातो आणि तीन बोटांत अडतो, हे कुठल्या हवालदारानं सांगितलं होतं? माझं मत असं होतं की फिल्मच्या पेटीला ओल लागली होती. सांगलीला कृष्णेचं पाणी कुठवर येतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून ती मास्तरीण मी हुकण्यात धरत नाही.

आता जिथं खरा हुकलो ते.

तेव्हा आमचं बिऱ्हाड सांगलीतच होतं, गावाच्या कडेला. मागं एक म्हैस. बायको कोयनेच्या खोऱ्यातली, अडतीस-एकोणचाळीसची असेल. दोन लेकरं झालेली. अंगानं सडपातळ आणि तोंडानं भक्कम. दवाखान्यात ती कधी यायची नाही. हळदीच्या वखारीवरनं गेलं की शिंका येतात आणि दवाखान्यावरनं गेलं की तुमच्या बोटांचा वास येतो, असं म्हणायची. फिल्म धुऊन धुऊन माझी बोटं कायमची तपकिरी झाली होती, त्याचा तो टोमणा.

एका मंगळवारी सकाळी पाच-सात बायका रांगेत होत्या. रांगेच्या चिठ्ठ्या माझ्यापुढं पडायच्या. त्यावर नावं असायची. मी वाचत नव्हतो. वाचायला येत नव्हतं असं नाही, वेळ लागायचा, आणि काम अडवून वाचत बसणं मला कमीपणाचं वाटायचं. अक्का आतून म्हणायची तेवढं पुरे होतं.

"अण्णा, तीन बोटं. डावं अंग."

मी एल ठेवलेली फिल्मची पेटी आत सरकवली, बटणं लावली, ओरडलो, "दम धरा!"

आतून आवाज आला, "किती येळ धरायचा त्यो तरी सांगा! गडबडीत सोडला म्हंजे मलाच बोल लावशीला!"

माझा हात खटक्यावरच राहिला. जगात मला असं बोलणारी एकच बाई होती.

"कोण हाय आत?" मी ओरडलो.

"आता कोण म्हंजे काय? चिठ्ठी वाचली न्हाई व्हय?"

अक्काच्या हसण्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "अण्णा, बाई दाबून धरल्यात मी. भांडण घरी करा, खटका मारा."

मी खटका मारला. आतनं बायको बाहेर आली ती पदर सारखा करत, जशी बाजारातनं कोथिंबीर घेऊन यावी तशी.

"काय झालंय तुला?"

"गाठ हाय. दोन म्हैनं झालं."

"मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी घरी आल्यावर एक्स-रेचंच सांगत असता. मला कवा बोलू दिलंत?"

हे खोटं होतं. थोडं खरं होतं.

अंधाऱ्या खोलीत मी फिल्म धुतली. एरवी मनात आकडे म्हणताना जीभ अडत नाही. त्या दिवशी चाळीसपर्यंत गेलो आणि पुन्हा वीसवर आलो. फिल्म ओलीच उजेडाला धरली. पांढरी. वरपासून खालपर्यंत पांढरी. मी डोळे ताणून ताणून बघितलं. गाठीसारखं गोल काही नाही, खडबडीत काही नाही, ठिपका नाही. बघता बघता माझ्या मनानं काय केलं म्हणाल, तर त्या पांढऱ्याला मी स्वच्छ म्हणून टाकलं. मास्तरणीच्या फोटोला नासलेला म्हणणारा मी, बायकोच्या फोटोला निर्मळ म्हणालो.

बाहेर येऊन तिला सांगितलं, "कायबी न्हाई. फोटो सोच्छ हाय. घरी जा, म्हशीचं बघ."

"पर हाताला लागती की."

"हाताला काय बी लागतंय. मशीनला लागलं पायजे."

ती गेली. हेच माझं हुकणं. डाक्टर त्या दिवशी नेमके कोल्हापूरला होते, आणि मी ती फिल्म त्यांच्या टेबलावर ठेवली नाही. ठेवायची गरज काय, असं मी मनाशी म्हटलं. खरं कारण वेगळं होतं. त्यांनी ती बघितली असती तर पुन्हा ते 'घट्ट' सुरू झालं असतं.

पंधरा दिवस गेले. मग अक्कानं डाक्टरांना विचारलं, अण्णांच्या बाईच्या फोटोचं काय झालं? आणि डाक्टरांनी मला विचारलं. मी फिल्म आणून दिली. त्यांनी ती काचेच्या पेटीवर लावली. 'अहो' आलाच नाही. नुसतं म्हणाले, "त्यांना घेऊन या."

बायको आली. डाक्टरांनी तिला पुढ्यात बसवून तेच सांगितलं जे मला सांगितलं होतं. चरबी काळी, ग्रंथी पांढऱ्या, गाठ पांढरी. दोन वाक्यं झाली नाहीत तोवर ती म्हणाली, "म्हंजे म्हशीच्या कासंगत. वरनं बघून कास कळत न्हाई, मांसाची हाय का दुधाची. घेणारा पिळून बघतोय, हात लावून बघतोय. नुसती बघून म्हैस घेतली तर फसला."

"अगदी बरोबर!" डाक्टर म्हणाले. "वा!"

माझ्या बायकोला पहिल्या भेटीत 'वा' मिळाला. मला चौदा वर्षांत चार.

"आणखी एक फोटो काढतो," मी म्हटलं. "धार वाढवून. आडवा काढतो."

"नाही."

"अडत्याच्या आईचे दोन्ही बाजूंनी काढले. माझ्या बायकोचा एकच?"

"अहो, डोस कुणाला द्यायचाय तुम्हाला? तुमच्या बायकोला का तुमच्या हट्टाला?" मग ते तिच्याकडं वळून म्हणाले, "साताऱ्याला माझ्या ओळखीचे सर्जन आहेत. गाठ काढून तपासायला पाठवतील. गाठ कसली आहे ते तेव्हाच कळेल."

घरी येऊन मी म्हटलं, कापाकापी करायची नाही. मशीन खोटं बोलत नाही. बायको भाकरी थापत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं लेकरं माझ्या बहिणीकडं पोचवली, शेजारणीला म्हैस लावून दिली, आणि लुगड्याचं गाठोडं बांधून दारात उभी राहिली.

"धुकं पडल्यावर गोठा दिसत न्हाई," ती म्हणाली. "मग गोठ्यात म्हैस न्हाई असं म्हणायचं व्हय? तुमी येताय का मी एकटी जाऊ? साताऱ्यातलं भावाचं घर मला म्हाईत हाय."

गेलो. म्हणजे मला जावं लागलं. बाईमाणसाला एकटी कशी सोडायची, असं मी शेजाऱ्यांना सांगितलं.

साताऱ्याची एसटी भरलेली होती. खाकी पाकिटातला फोटो तिच्या मांडीवर. आमच्या पुढच्या बाकावर एक मिशाळ पैलवान गडी होता. तो कासेगावापर्यंत त्या पाकिटाकडं बघत होता, मग राहवलं नाही त्याला.

"पाव्हणं, फोटो कशाचा वो?"

"हाडाचा," मी म्हणालो.

"कुठलं हाड?"

"बरगडी."

"माझीबी मोडली हुती, मैदानात. दावा बघू."

मी नको म्हणायच्या आत त्यानं फिल्म बाहेर काढून खिडकीला धरली. इकडं फिरवली, तिकडं फिरवली. "आवं पाव्हणं, ह्यात हाडच न्हाई!"

झालं. चार बाकांवरची माणसं वाकली. एक म्हणाला, "कोराच दिलाय." दुसरा म्हणाला, "विरघळलं असंल हाड." कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून आला आणि म्हणाला, "दुसऱ्या कुणाचा तरी घेऊन आलायसा. असलं लय हुतं सरकारी दवाखान्यात."

"सरकारी न्हाई, खासगी हाय," मी म्हटलं, आणि रागानं पुढं बोललो, "आणि म्या सोता काढलाय!"

"मग हाड का न्हाई आलं?" पैलवान म्हणाला. गाडी हसली.

तेव्हा बायको खणखणीत आवाजात म्हणाली, "माझ्या थानाचा फोटो हाय त्यो. ठेवा खाली."

एसटी एवढी गप्प झालेली मी त्याआधी आणि त्यानंतर बघितली नाही. पैलवानानं फिल्म दोन्ही हातांच्या दोन दोन बोटांत धरली, तव्यावरची भाकरी धरावी तशी, आणि तिच्या मांडीवर ठेवून कराड येईपर्यंत मागं वळला नाही. कंडक्टर पार पुढं जाऊन ड्रायव्हरपाशी उभा राहिला.

कराडला गाडी थांबली तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हातारी पुढं सरकली. बायकोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "गाठ हाय व्हय, बाय? माझ्या भनीला हुती."

"मग?"

"ती लाजत बसली," म्हातारी म्हणाली आणि उतरून गेली.

कराडपासून साताऱ्यापर्यंत मी खिडकीतनं बाहेर बघत होतो. पंधरा दिवस मीच तिला लाजत बसवलं होतं, ती तर लाजतच नव्हती. हे तेव्हा मनात आलं. तोंडावाटे आलं नाही.

सर्जन थोराड माणूस, हाताची बोटं केळीसारखी. पडद्याआड त्यांनी तपासलं. मी अलीकडं. क्षणभरात आवाज आला, "ही काय, इथं आहे."

मी पडद्याला म्हटलं, "फोटोत न्हाई."

ते बाहेर आले. फिल्म काचेवर लावली. "कुणी काढलाय हा?"

मी पलटणीत उभा राहायचो तसा उभा राहिलो. "म्या."

"उत्तम काढलाय. कडेची कातडीसुद्धा दिसते. याच्यापेक्षा चांगला कुणालाही यायचा नाही."

मी दोन बोटं उंच झालो.

"तरी यात गाठ दिसणार नाही," ते म्हणाले. "पांढऱ्यात पांढरं आहे. तुमचा दोष नाही. यांच्या वयाला असतंच असं."

"मग माझाबी दोष न्हाई न्हवं?" बायको पडद्याआडनं म्हणाली.

"नाही हो."

"ते ह्यास्नी सांगा. ह्यास्नी वाटतंय म्या मुद्दाम लपवलंय."

गाठ काढली. आवळ्याएवढी होती, बाटलीत घालून ठेवलेली. मला दाखवली. मी सर्जनांना म्हटलं, "ही मला दोन दिवस द्या. सांगलीला नेऊन नुसत्या गाठीचा फोटो काढतो. बघू कशी दिसत न्हाई ती." ते एवढे हसले की नर्स बघायला आली. बाटली त्यांनी तपासायला पुण्याला पाठवली. आठ-दहा दिवस लागणार होते.

ते दिवस वाईट गेले, त्याबद्दल जास्त सांगत नाही. बायको साताऱ्याला भावाकडं राहिली, मी सांगलीला कामावर. फोटो काढताना बोटांचा आकडा दोनदा विचारायचो. अक्कानं एकदाही चेष्टा केली नाही, त्यावरनं ओळखा.

डाक्टर म्हणाले, "रिपोर्ट इंग्रजीत येईल. घाबरून जाल, म्हणून सांगतो. बी नं सुरू होणारा शब्द आला तर गाठ साधी. एम नं सुरू होणारा आला तर लगेच माझ्याकडं या." त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बी म्हणजे उभी काठी आणि तिला दोन पोटं. एम म्हणजे शेजारी शेजारी दोन डोंगर. मी सगळ्या वाटेत घोकत साताऱ्याला गेलो. दोन पोटं, दोन डोंगर.

सर्जन ऑपरेशनात होते. कंपाउंडरनं पाकीट दिलं आणि म्हणाला, साहेब दुपारी भेटतील. दुपारपर्यंत थांबणारा माणूस मी नव्हे. भावाचं घर स्टँडाजवळच होतं. सकाळी मला उतरवून घ्यायला आलेली बायको बरोबरच होती, परत स्टँडावर येऊन बाकावर बसलो आणि पाकीट फोडलं.

पहिल्याच ओळीत डोंगर. खाली बघतो तर पुन्हा डोंगर. मधे एका ठिकाणी दोन पोटं दिसली, जीव भांड्यात पडतो न पडतो तोच खाली ठळक अक्षरांत मोठ्ठा डोंगर. एक एल भेटला, तेवढाच ओळखीचा. डाव्या अंगाचा. पण त्याला काय विचारणार? फिल्म धुण्याच्या हायपोच्या पाण्यावर वाकल्यावर डोळे चुरचुरतात तसे डोळे चुरचुरले, आणि तिथं तर हायपोचा थेंबही नव्हता.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"डोंगर हायत," मी म्हणालो.

तिनं वर बघितलं. "साताऱ्यात डोंगर असणारच की."

"तसलं न्हाई गं. कागदात. लय डोंगर हायत." आणि मग ते तोंडातनं निघालं. "माझ्यामुळं पंधरा दिस गेलं तुझं."

तिनं माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि सरळ चौकशीच्या खिडकीशी गेली. मी मागं. खिडकीत एसटीचा कंट्रोलर होता, म्हातारा, चष्म्याला दोरी बांधलेला.

"दादा, एवढं वाचून दावा. इंग्रजी हाय."

त्यानं चष्मा चढवला. मोठे शब्द तो तुकडे करून वाचत होता. "माय-क्रो-स्को-पी." मी म्हटलं, "डोंगर त्योच का?" तो म्हणाला, "सूक्ष्मदर्शकातून बघितलं म्हणे." मग पुढं, "फाय-ब्रो... हे नाही बुवा येत. बि-नाईन."

"कशानं सुरू हुतंय?" मी ओरडलो. "काठीला दोन पोटं हायत का?"

त्यानं कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "आहेत."

"बिनाईन म्हंजी काय वो?" बायको म्हणाली.

कंट्रोलरला येत नव्हतं. पण चौकशीच्या खिडकीत बसलेला माणूस मला ठाऊक नाही असं कधी म्हणत नाही. त्यानं थोडा विचार केला. "बिन म्हणजे... नसलेलं. बिनपाण्याचं, बिनकामाचं. तसं."

"बिनघोर!" बायको म्हणाली.

"हां, तसंच काहीतरी."

"बिनघोर लिवलंय," ती माझ्याकडं वळून म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की तीही इतके दिवस भीत होती. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं होतं. मागं रांगेतला माणूस म्हणाला, "बाई, आमची फलटण गाडी जाईल की!" तरी ती हलली नाही. कंट्रोलरनं गाडी पुकारली, मग ती हलली.

दुपारी सर्जनांनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, साधी गाठ, काही भीती नाही. बायको म्हणाली, "ते आमाला सकाळीच कळलं. बिनघोर हाय ती." सर्जन म्हणाले, "हो, अगदी." अजून आमच्या भावकीत कुणाची तपासणी चांगली आली की रिपोर्ट बिनघोर आला म्हणतात.

कामावर गेल्यावर मी भिंतीआडनं प्रत्येक बाईला सांगायला लागलो. फोटो पांढरा आला तर गाठ नाही असं समजू नका. दिसत नाही म्हणजे नाही, असं नाही. डाक्टरांना हात लावून बघू द्या. आणि एकदा पांढरा आला की मी दुसरा काढत नव्हतो, आधी डाक्टरांना हाक मारायचो. अक्का म्हणायची, "अण्णा, खटका मारा, बाई चरकात हाय, कीर्तन मागनं." फिल्मच्या पेटीला ओल लागली होती हे माझं मत मात्र मी सोडलेलं नाही. दोन्ही कारणं असू शकतात.

तो फोटो बायकोनं ठेवून घेतला. पुढं पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. मी बाजारातनं काच आणायला निघालो तर तिनं ट्रंकेतनं फिल्म काढली आणि चुलीपुढं उभी राहून खिळ्यांनी चौकटीला ठोकली. पांढरी फिल्म म्हणजे किरण न पोचलेली, ती काचेसारखी आरपारच असते, निळसर. मागं गोठा, म्हैस, शेजारणीची वाळत घातलेली लुगडी, सगळं त्यातनं दिसायला लागलं.

ती लांब सरकून बघत म्हणाली, "समदं दिसतंय की ह्यातनं. तुमालाच तेवढं दिसलं न्हाई."

मी म्हटलं, एक खिळा वाकडा ठोकलायस.